फटाके, राणीसाहेब, फटाके!

ओब्दुलिया बोर्केस आणि निकानोर एन्सिनास यांचं लग्न कधी लागणार, यावर एल व्हादीतो गावात वर्षानुवर्षं पैजा लागत होत्या. ते दोघं मात्र तो सगळा काळ एकमेकांना शिव्या देण्यात घालवत होते. त्याही अहो-जाहो करून.

सरहद्दीचं फिरतं लोखंडी दार ढकलून माणूस अलीकडे आला की डाव्या कोपऱ्यावर ओब्दुलिया आणि उजव्यावर निकानोर. ती गिऱ्हाईक ओढायची दातांच्या डॉक्टरकडे, तो चष्म्याच्या दुकानाकडे. थंडी पडली की उत्तरेकडची म्हातारी पाखरं आपल्या चाकांवरच्या घरांसकट पलीकडच्या वाळवंटात उतरत, आणि सकाळी गाड्या तिकडेच ठेवून, टोप्या घालून, पायी पायी या दारातून गावात शिरत. पलीकडे एका दाढेला जेवढे डॉलर पडतात तेवढ्यात इकडे अख्खं तोंड नवं होतं. आता म्हाताऱ्या माणसाचे दातही गेलेले असतात आणि डोळेही. मग भांडण कसं टळणार?

"अहो बाई, त्यांनी डोळे बारीक केलेत, दिसत नाही? की आधी तुम्हालाच भिंग लावू?"

"डोळे बारीक केलेत ते तुमचं थोबाड बघवत नाही म्हणून. गालावर हात आहे त्यांचा. दाढ आहे ती, दाढ!"

"गालावरचा हात आता खिशावर गेला बघा. तुमच्या डॉक्टरचं नाव ऐकलं वाटतं."

पाहुणा बिचारा आळीपाळीने दोघांकडे बघून हसायचा. त्याला वाटायचं, नवरा-बायको आहेत. पुष्कळांना वाटायचं. नाताळ संपला की निकानोर गुळाचं सारण भरलेल्या पोळ्या कागदात गुंडाळून रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचा, "शिळ्या झाल्यात. कुत्र्यानं तोंड लावलं नाही, म्हणून तुमच्याकडे आणल्या." पोळ्या गरम असायच्या. ओब्दुलिया म्हणायची, "कुत्र्याला अक्कल आहे," आणि एकही उरवायची नाही. हे सगळं गावाला कसं ठाऊक? कोपऱ्यावर तामाल्यांचं, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या वड्यांचं, पातेलं घेऊन चेपिना बसायची. ओब्दुलियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच मांडीवर घेतलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. चेपिनाच्या पातेल्यावर झाकण असे, तोंडावर नसे.

ओब्दुलिया त्या कोपऱ्यावर आली ती काही दातांसाठी नव्हे. तिचा नवरा एउसेबियो एका सकाळी "कापसाच्या हंगामापुरता जाऊन येतो" म्हणून त्या दारातून पलीकडे गेला. दार फिरतं होतं, नवरा मात्र फिरला नाही. तिकडे एका भात शिजवणाऱ्या बाईच्या घरात तो सुखानं जाड झाला, ही बातमी यायला बराच काळ लागला. तोवर ओब्दुलिया रोज लेकीला कडेवर घेऊन दारासमोर उभी राहायची. दातांच्या डॉक्टरनं एक दिवस म्हटलं, "बाई, नाहीतरी उभ्याच आहात, तर माझी चिठ्ठी तरी वाटा." अशी दार बघता बघता ती या कामाला लागली. लेक मोठी झाली, एर्मोसिल्योला जाऊन केस कापण्याचं दुकान काढून बसली. आई कोपऱ्यावरच राहिली.

आणि कोपऱ्याची राणी झाली. तिची युक्ती काय होती? कोपर. दुपार कलली की पाहुण्यांना परत दारापर्यंत पोचवायचं, हा तिथला रिवाज. ज्यानं गावात आणलं त्यानं रांगेत नेऊन उभं करायचं. बाकीचे नुसतं बोट दाखवायचे. ओब्दुलिया आपलं कोपर पुढं करायची. दाताची सुई घेऊन अर्धं तोंड बधिर झालेली म्हातारी त्या कोपराला लटकायची आणि घरी जाऊन सांगायची, "तिकडे काही भीती नाही. फक्त ओब्दुलियाचं कोपर धरा."

भीतीचं औषध म्हणून अजून एक गोष्ट होती. तो एक शब्द.

एल व्हादीतोच्या पंचांगात दिवसांपेक्षा संत जास्त. प्रत्येक संताला बाण सोडायचे, म्हणजे काडीला बांधलेला दारूचा नळा, जो सुंऽऽ करत वर जातो आणि आभाळात धाडकन फुटतो. पाहुणे दचकायचे. मग बूट पुसणाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत जो जवळ असेल तो हसून म्हणायचा: फटाके! ओब्दुलिया ते जरा सजवून म्हणायची. "फटाके, राणीसाहेब, फटाके! कुठल्यातरी संताचा दिवस!" पाहुणी हसायची, कोपर घट्ट धरायची, पुढे चालायची.

बहुतेक वेळा ते खरंच असायचं. नसायचं तेव्हाही तोच शब्द आधी यायचा. काय झालं ते पाहुणे गेल्यावर, हळू आवाजात कळायचं. पाहुण्यांना मात्र या रस्त्यावर कधी कुणी बोट लावलं नाही. पाहुण्याला खरचटलं तर सगळ्यांच्या चुली विझतील, हे गावातल्या भल्यांनाही कळत होतं आणि बुऱ्यांनाही. जे व्हायचं ते मागच्या गल्ल्यांत, आपसात व्हायचं.

त्या फेब्रुवारीत ओब्दुलियाच्या कोपराला व्हेर्ना होती. मिनेसोटाची विधवा, ऐंशीच्या घरातली, बगळ्यासारखी उंच. दहा हिवाळे ती ओब्दुलियाकडे येत होती. पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या कवळीसाठी, आणि नवरा गेल्यावरही येत राहिली; दाताचं काम नसलं तर नुसत्याच गप्पा मारायला. त्या दिवशी तिचे पुढचे दोन दात नवे होते आणि ते दाखवायला ती कारण नसताना हसत होती.

चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीतून आवाज आले. लागोपाठ. आधी सुंऽऽ नाही, वर फुटणं नाही.

व्हेर्ना थांबली. "ओब्दुलिया?"

"फटाके, राणीसाहेब, फटाके! कुठल्यातरी संताचा दिवस. आमच्या गावात संतांना झोप म्हणून नाही!"

व्हेर्ना हसली, नवे दात दाखवून. चौकात सगळेच आपापल्या पाहुण्यांना तेच सांगत होते. एका सुरात, जणू प्रार्थनेला उत्तर देताहेत. ओब्दुलियानं तिला रांगेत उभं केलं, गालाला गाल लावला, हात हलवला. परतताना पाहिलं, उजवा कोपरा रिकामा. तिला बरंच वाटलं. म्हटलं, आज निकानोरचं गिऱ्हाईक आपलं. दोघा जणांना तिनं डॉक्टरकडे नेलंसुद्धा.

निकानोर गल्लीत होता. गिऱ्हाईक ओढणाऱ्यांना दुकानातलं शौचालय वापरायची परवानगी नव्हती, ते पाहुण्यांसाठी. म्हणून बिचारा भिंतीशी धार सोडायला गेला होता. तेवढ्यात दोन गाड्यांतल्या माणसांचा आपसातला हिशेब तिथं झाला. ती माणसं कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. गाड्या निघून गेल्या. एक गोळी निकानोरच्या कमरेत राहिली. तो तिथं पडून राहिला, कारण गावानं फटाके म्हटलं होतं, आणि फटाके बघायला कोण धावतं? शेवटी चेपिना ओला कचरा टाकायला गेली, म्हणून जगला.

इस्पितळात ओब्दुलिया त्याला भेटायला गेली ती हातात पोळ्या घेऊन. "शिळ्या आहेत," म्हणाली.

"ठेवा." निकानोर छताकडे बघत होता. "तुमचा आवाज मात्र छान आहे हो, बाई. भिंतीपलीकडूनही ऐकू येतो."

"काय ऐकलंत?"

"सगळं. फटाके, राणीसाहेब. मग संतांना झोप नाही, ते. ते छान होतं. ती उंच म्हातारीसुद्धा हसली. मलाही हसू येत होतं, पण हसलं की खालून रक्त यायचं."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो की. तुमच्यापेक्षा हळू."

तो हे चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. चिडण्याला तिच्याकडे उत्तर होतं. तो नुसता सांगत होता, काल पाऊस पडला असं सांगावं तसं. ओब्दुलिया घरी आली आणि त्या दिवसापासून तो शब्द तिच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखा अडकला. मार्चमध्ये संत योसेफाचे बाण उडाले, एक पाहुणी दचकली, आणि ओब्दुलियानं तोंड उघडून नुसतंच मिटलं. शेजारून दुसऱ्याच कुणी "फटाके!" म्हटलं म्हणून निभावलं.

उन्हाळा गेला. निकानोर काठी घेऊन उभा राहायला लागला, पण कोपऱ्यावर तासन्‌तास उभं राहणं संपलं. तो देवळाच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या विकायला बसला. रस्ता ओलांडून शिव्या पोचेनात. ओब्दुलिया गिऱ्हाईक नसताना उगाच उजव्या कोपऱ्याकडे बघायची.

हिवाळा आला आणि पाखरं आली नाहीत. आली ती पलीकडेच बसली. कुणीतरी तिकडे लिहिलं होतं की एल व्हादीतोत गोळ्या चालतात. चाकांच्या घरांच्या वस्त्यांतून फलकावर कागद लागले, जाऊ नका. फिरतं दार वाऱ्यानं आपलं आपण कुरकुरायचं. डॉक्टर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून स्वतःचे दात कोरत बसायचे.

तेव्हा गास्तेलुम वकीलसाहेबांनी ओब्दुलियाला बोलावलं. चष्म्याचं दुकान त्यांचं, औषधांची तीन दुकानं त्यांची, दुकानदारांच्या संघाचे अध्यक्षही तेच. तरुणपणी त्यांनी कायद्याची पुस्तकं उघडून पुन्हा मिटली होती, तेवढ्यावर गाव त्यांना वकीलसाहेब म्हणे.

"बसा, डोन्या ओब्दुलिया. कॉफी? साखर घाला, पाहुण्यांची आहे. काय झालं होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि भर रस्त्यात लंगडणं वेगळं."

"ते मुद्दाम लंगडत नाहीत."

"नाहीत हो. पण लोक विचारतात, पायाला काय झालं? आणि डोन निकानोर काय करतात? गप्प बसतात. गप्प बसण्यासारखं वाईट काही नाही, बाई. माणूस गप्प बसला की लोकांना गोळ्या ऐकू येतात."

"मग त्यांनी काय म्हणावं?"

"बाण सोडताना हातातून निसटला. देवीच्या जत्रेत. झालं!"

"बाण कमरेत शिरतो?"

"पाहुण्यांना काय कळतंय? त्यांना फक्त ऐकायचंय." वकीलसाहेब पुढं वाकले. "तुमची ती मिनेसोटावाली देवीच्या दिवशी आपल्या वस्तीतली सगळी मंडळी घेऊन येतेय. तुमच्या कोपराच्या भरवशावर. ती खूश होऊन गेली तर अख्खी वस्ती येईल, एक वस्ती आली की दुसरी येते. डोन निकानोरना त्या दिवशी कोपऱ्यावर खुर्ची देतो, छत्री देतो. हसून सांगू दे एकदा, फटाके. खुर्ची मग कायमची त्यांची. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. सगळ्या गावाला माहीत आहे, तुमचंच ऐकतात."

"आणि नाही ऐकलं तर?"

"माझ्या मेव्हण्याच्या दोन मुली आहेत," वकीलसाहेब म्हणाले. "तरुण आहेत. दोन कोपरे, दोन मुली. पण तशी वेळ कशाला आणायची?"

ओब्दुलिया निकानोरकडे गेली. देवळामागं त्याची खोली, पुढं चूल. तो ओट्यावर बसून भली मोठी पातळ रोटी तव्यावर उलटत होता. तिनं सगळं सांगितलं. खुर्ची सांगितली, छत्री सांगितली, मेव्हण्याच्या मुलीही सांगितल्या.

"छत्री कुठल्या रंगाची?" निकानोरनं विचारलं.

"चेष्टा नको."

"सांगतो की. गावाची चूल आहे, माझीही आहे. म्हणेन फटाके. एकच अट. आधी तुम्ही मला सांगा. इथं, माझ्याकडे बघून. त्या दिवशी काय वाजलं होतं, ओब्दुलियाबाई?"

तिनं तोंड उघडलं. त्या तोंडानं हजारो पाहुण्यांना तो शब्द दिला होता, जावयाला लाडू वाढावेत तसा. आता जीभ टाळूला लागून बसली. रोटी करपायला लागली.

"जमत नाही ना?" निकानोर हळूच म्हणाला. "मग मला कसं जमेल? जा. सांगा वकीलसाहेबांना, म्हातारा अडून बसलाय."

ती गेली आणि वकीलसाहेबांना म्हणाली, "तयार आहेत ते."

का म्हणाली? चेपिनानं तिला नंतर हजारदा विचारलं. तिला कोपरा जाऊ द्यायचा नव्हता. तिथं उभी नसेल तर ती कोण होती? दार बघणारी बाई, एवढंच.

देवीचा, म्हणजे देवळातल्या पवित्र मातेचा, दिवस उजाडला. पाद्रीबाबांशी बोलणी झाली होती: पाहुणे परत जाईपर्यंत एकही बाण नाही. पहाटे देवीला गाणी म्हटली तीसुद्धा कुजबुजत. उजव्या कोपऱ्यावर खुर्ची आली, लाल छत्री आली. वकीलसाहेब स्वतः फुलं घेऊन दाराशी उभे.

व्हेर्ना आली. मागं तिची मंडळी, कोंबडीमागं पिल्लं यावीत तशी एकमेकांना चिकटून. कुणी पिशवी पोटाशी धरलेली, कुणी घड्याळ काढून मोज्यात घातलेलं.

"मी यांना सांगितलंय, तू आहेस," व्हेर्ना म्हणाली. "भीती नाही ना, ओब्दुलिया?"

"कोपर धरा," ओब्दुलिया म्हणाली. तेवढंच म्हणता येत होतं.

सकाळ फार छान गेली. अर्धी मंडळी डॉक्टरांच्या खुर्च्यांत पोचली, अर्धी चादरी आणि चांदीचे डूल हाताळत होती. एका गृहस्थानं मोज्यातून घड्याळ काढून पुन्हा हातात घातलं. वकीलसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. फक्त खुर्ची रिकामी होती.

"कुठं आहेत ते?" वकीलसाहेब हसऱ्या ओठांतून पुटपुटले.

"येतील."

उन्हं डोक्यावर आली. व्हेर्ना ओब्दुलियाच्या कोपराला धरून तामाल्यांकडे निघाली होती. आणि चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीतून आवाज आला. धाड. लगेच दुसरा.

"फटाके!" चौक एका सुरात म्हणाला. "फटाके! फटाके, सर! देवीचा दिवस!"

खरंच होतं ते. आधी सुंऽऽ झालं होतं. आभाळात धुराचं फूल उमटलं होतं. चेपिनानं वर बोटही दाखवलं. पण ओब्दुलियानं वर पाहिलंच नाही. तिनं व्हेर्नाचा हात झटकला, घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि धावली. साठी ओलांडलेली, संधिवाताची बाई चौकातून बाणासारखी गल्लीकडे सुटली. "निकानोर! निकानोर!" असा तिचा टाहो, एउसेबियो गेला तेव्हाही असा कुणी ऐकला नव्हता.

आता पाहुण्यांचं काय चुकलं, सांगा. ज्या बाईच्या कोपराच्या भरवशावर ते आले तीच जीव खाऊन पळतेय. वर धुराचं फूल कोण बघतो? वस्ती उठली. चादरी पडल्या. दवाखान्यांतून गळ्यात निळी फडकी बांधलेली, अर्धं तोंड लोंबतंय अशी मंडळी बाहेर पडली. एका बाईच्या तोंडात डॉक्टरांची कापसाची वळी तशीच होती. ती सगळी दाराकडे धावली. दार एका वेळी एकालाच घेतं, म्हणून ते नुसतं गरगर फिरत राहिलं.

गल्लीत निकानोर भिंतीला टेकून बसला होता, हातात विझत आलेली विडी, शेजारी बाणांची जुडी. मागं भिंतीचा गिलावा गोळ्यांनी उडालेला, तसाच.

"जिवंत आहेस?" ओब्दुलिया दारूच्या धुरात ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून अहो-जाहो सुटलं.

"हळू. देवीचा नवस फेडतोय."

तिनं हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घातली, मग खांद्यावर, मग पुन्हा डोक्यात. "इथं? आत्ता? याच जागी?"

"याच जागी बोललो होतो ना. पडल्या पडल्या. आई, पुन्हा पायावर उभा राहिलो तर इथूनच, तुझ्या दिवशी, भर उन्हात बाण सोडीन. आता तिला काय सांगू, वकीलसाहेब संध्याकाळी या म्हणतात?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "धावत आलात."

"गप्प बस."

"मागच्या वेळी..."

"गप्प बस म्हटलं ना!" ती धुळीतच बसली. हात कुठं ठेवावेत तिला कळेना. मग तिनं एक हात त्याच्या बुटावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

परत चौकात आली तेव्हा रस्ता झाडून काढल्यासारखा रिकामा होता. चादरी, एक टोपी, एक निळं फडकं. वकीलसाहेब फुलांसकट लाल छत्रीखाली खुर्चीत बसले होते.

व्हेर्ना मात्र तिथंच उभी होती, जिथं ओब्दुलियानं तिला सोडलं होतं. कोपर नव्हतं, म्हणून हललीच नव्हती.

"फटाके होते," व्हेर्ना म्हणाली. "मी वर पाहिलं. धूर दिसला."

"हो."

"मागच्या वर्षी तू हसलीस. उभी होतीस माझ्याबरोबर. या वर्षी फटाके होते आणि तू धावलीस." तिचा आवाज चढला नाही. "मग मागच्या वर्षी काय होतं?"

वकीलसाहेबांनी मान वर केली. चेपिनानं पातेल्यावरचं झाकण हातातच धरलं. ओब्दुलियाला तो शब्द पुन्हा एकदा सापडला असता. आता तर तो देणं सोपं होतं. नुकताच खरा ठरलेला, आभाळात त्याचा धूरही होता.

"गोळ्या," ती म्हणाली. "माझ्या ओळखीच्या माणसाला लागली. मी तुम्हाला रांगेत नेत होते."

व्हेर्नानं आभाळातला विरत चाललेला धूर पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, "दहा वर्षं. त्यातल्या किती वेळा फटाके होते?"

"बहुतेक वेळा."

"बहुतेक," व्हेर्नानं तो शब्द तोंडात फिरवून पाहिला, नवा दात जिभेनं चाचपावा तसा. ओब्दुलियानं कोपर पुढं केलं. व्हेर्नानं त्याच्याकडे पाहिलं, मग वाकून आपली पिशवी नीट खांद्याला लावली आणि एकटी दाराकडे चालायला लागली. हळू, प्रत्येक पाऊल बघून. दारातून जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पुन्हा आली नाही. वस्तीही आली नाही.

दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यावर मेव्हण्याची मोठी मुलगी उभी होती, उजव्यावर धाकटी. दोघींना एकसारख्या टोप्या. बोलावण्यासारखं फारसं कुणी नव्हतं, पण टोप्या छान होत्या. त्या हिवाळ्यात दोन दवाखान्यांना कुलूप लागलं, आणि गावातले काही जण ओब्दुलियाला पाहिलं की रस्ता बदलत. एका डॉक्टरच्या बायकोनं तर देवळात सर्वांसमोर म्हटलं, "एका बाईच्या प्रेमप्रकरणापायी आमची चूल विझली." ते खोटं म्हणायला ओब्दुलियापाशी जागा नव्हती.

तो नवस होता की परीक्षा, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. चेपिनाचं म्हणणं, नवस सकाळीही फेडता आला असता. म्हातारा ती चौकात कधी येते ते बघत होता. निकानोरला विचारलं तर तो म्हणतो, "देवीला विचारा."

ओब्दुलिया आता देवळाच्या पायऱ्यांवर कॉफीचं मडकं घेऊन बसते, मेणबत्त्यांच्या शेजारी. गिऱ्हाईक गावातलंच. पैजा ज्यांनी लावल्या होत्या त्यांना अजून काही मिळालेलं नाही. दोघं लग्नाचं नावही काढत नाहीत, आणि शिव्याही पुन्हा अहो-जाहोवर आल्या आहेत. पण कुठंही आवाज झाला, बाण असो, गाडीचा टायर असो की दुसरं काही, की गाव क्षणभर थांबतं. पूर्वी शब्द आधी यायचा, आता थोडी पोकळी येते. आणि त्या पोकळीत निकानोर जिथं असेल तिथून, पायऱ्यांवरून, गल्लीतून, न्हाव्याच्या खुर्चीतून, खणखणीत आवाजात सांगतो, "इथं आहे हो, बाई!"

परवा संत अंतोनच्या दिवशी धाड झालं. आभाळात काही दिसलं नाही, नुसता आवाज. ओब्दुलियानं मडकं खाली ठेवलं आणि थांबली. उत्तर नाही. चौकातली सगळी माणसं थांबली. तिनं घागरा उचलला होता, एक पायरी उतरली होती.

"इहं आहे, इहं आहे!" देवळाच्या दारातून निकानोर आला, तोंडात तामाल्याचा तोबरा कोंबलेला.

"गिळून बोलत जा, मेल्या!" ती ओरडली. मग पायरीवर बसली, आणि कॉफी ओतायला तिला बराच वेळ लागला.